थोडक्यात वाचल्याची वही

सोयाबीनच्या वासावर कुणी प्रेमानं लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. आंब्याच्या मोहरावर लिहितात, केवड्यावर लिहितात, भाजणीच्या खमंगपणावरही चार ओळी खर्च करतात. सोयाबीनचा वास हिरवट, उग्र, थोडा ओल्या पोत्यासारखा, थोडा न कळवता मुक्कामाला येणाऱ्या नातेवाइकासारखा. आमच्या माळव्यात तो दसऱ्याच्या सुमाराला येतो आणि दिवाळीपर्यंत हलत नाही. यंदाही आला. परवा सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर खाली मंडीकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. एक ट्रॅक्टरवाला पुढच्यावर ओरडत होता, "भिया, आगे बढ़ नी! दसेरो यंईं मनायगो कंईं?" पुढचा काही हलला नाही, दसरा खरंच तिथेच साजरा करणार असल्यासारखा. वाऱ्याची झुळूक आली आणि तो वास तीन मजले चढून सरळ माझ्या नाकात. हातातला टॉवेल हातातच राहिला. खालच्या मजल्यावरच्या शर्माबाई ओरडल्या तेव्हा कळलं, की टॉवेलाचं पाणी त्यांच्या पापडांवर गळतंय.

डोळे मिटता येतात, कानांवर हात ठेवता येतात. नाकाला दारच नाही.

आमच्या सासरी गोष्ट सांगायची झाली की मला पुढे करतात. देवासच्या या घराण्यात सांगण्यासारखं खूप आहे. कधीकाळी कुणी दरबारात मानकरी होते, आता कुणी बँकेत, कुणी विम्यात, कुणी शाळेत. पण बारसं असो की साठीशांत, पोरं मागतात ती एकच गोष्ट. "काकू, वो सर्टिफिकेटवाली!" मग मी पदर खोचते. तपासनीस साहेबांची चाल करून दाखवते, स्वतःची फजिती मीठमिरची लावून सांगते, आणि माणसं हसताना श्रीखंडाच्या वाट्या कलंडवतात. ती गोष्ट मी नेहमी एका ठरलेल्या जागी थांबवते. सर्टिफिकेटं मिळाली, टाळ्या झाल्या, संपली. त्या जागेच्या पलीकडे मी आजवर कुणालाच नेलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा निम्म्यापर्यंतच.

अजितभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, यांचा इथल्या औद्योगिक वसाहतीत सोयावडीचा कारखाना आहे. एका बाजूनं सोयाबीनचं पीठ आत जातं, वाफेत शिजतं, दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूनं वड्या होऊन टपटप पडतं. इतकं सोपं. ती गोष्ट घडली त्या वर्षी परदेशात माल पाठवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं भावजींना सांगितलं, की गुणवत्ता, सुरक्षा आणि पर्यावरण अशा तीन व्यवस्थांची प्रमाणपत्रं दिवाळीपर्यंत दाखवा, मग तुमच्या वड्यांचं बघू. भावजी संध्याकाळी आमच्याकडे आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही एम.एस्सी. आहात ना?"

"होते," मी म्हटलं. "आता फक्त कुकरच्या शिट्ट्यांवर संशोधन चालू आहे."

"थट्टा नको. घरचं माणूस हवंय मला. बाहेरचा माणूस सगळे कागद बघतो आणि उद्या दुसऱ्या कारखान्यात जाऊन सांगतो."

घरचं माणूस! पंधरा वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून, सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडलेल्या बाईला या दोन शब्दांत काय काय ऐकू येतं, ते तिचं तिलाच माहीत. मी मान डोलावली तेव्हा भावजी अजून मानधनाचं काही बोललेसुद्धा नव्हते. मला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, आणि दारावर पाटी लागली, 'व्यवस्थापन प्रतिनिधी'. पहिल्या दिवशी मी ती पाटी पदरानं पुसली. दोनदा.

त्या दिवसांची आठवण काढली की आधी धूळ आठवते. सोयाबीनची पिवळट, मऊ, न टोचणारी धूळ. ती पापण्यांवर बसायची. संध्याकाळी घरी आरशात बघावं तर मी माझ्याच आजीसारखी दिसायची. मग आठवते बॉयलरखोलीची ऊब. ऑक्टोबरच्या पहिल्या गार सकाळी मी काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊन उभी राहायची. आणि आठवते पाण्याची ती नाली. पीठ धुतलेलं पाणी पूर्वी कुंपणाखालून शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये जायचं आणि तिथे आंबायचं. मी खड्डा खणवून घेतला, वाळू-खडी भरली, काठानं कर्दळ लावली. महिन्याभरात कर्दळीला लाल फूल आलं, तेव्हा मी सगळ्या कारखान्याला बोलावून ते दाखवलं. सगळ्यांनी बघितलं. एकजण म्हणाला, "भाभीजी, फूल तो ठीक है, पर बदबू भी गई, ये बड़ी बात है." मला वाटलं, झालं, पर्यावरण सुधारलं.

इंदूरहून एक सल्लागार यायचे. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट लिहून काढता येते, आणि लिहिली की सुधारते. मला हे इतकं पटलं, की मी पाट्या लिहीत सुटले. जिन्यावर, पंख्यावर, कचऱ्याच्या डब्यांवर, बॉयलरवर. सगळं माझ्या हातानं, मोठ्या देवनागरीत, शाळेच्या फळ्यावर लिहायची तशी. घरीही डब्यांवर तारखा आल्या, गॅसजवळ 'शेगडी पेटवण्याची सुरक्षित पद्धत' आली. नवरा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "एक कप चहा हवाय. अर्ज कुठल्या नमुन्यात करू?"

बॉयलरवरची पाटी लावायला मी गेले तेव्हा नानूरामशी माझी खरी ओळख झाली. नानूराम गंधवानीकडचा, पन्नाशीचा, चौदा वर्षं त्याच बॉयलरवर. आठवी शिकलेला. बॉयलरच्या काचेच्या नळीत पाणी किती आहे हे बघायच्या आधी तो मान तिरकी करून त्याचा आवाज ऐकायचा, आणि मग नळी बघून मान डोलवायचा, जणू नळी बरोबर बोलली की नाही हे तपासतोय. मी खुर्चीवर चढून 'सावधान! गरम भाप' असं चिकटवत होते.

"भाभीजी, यो किके वास्ते?"

"सगळ्यांसाठी. वाचतील."

"लोगों को तो मालम है कि गरम है," तो शांतपणे म्हणाला. "और भाप पढ़ी-लिखी नी है."

मी खुर्चीवरून उतरले आणि हसत सुटले. त्यानं मग मला दाखवलं, की पाटी खरं तर खाली, झडपेपाशी हवी. वाफ सोडायला माणूस तिथे वाकतो आणि त्याचा हात तिथेच भाजतो. मी पाटी खाली लावली. एवढी पुस्तकं चाळून जे कळलं नव्हतं ते मला त्या दिवशी कळलं. धोका कुठे आहे हे ज्याचा हात तिथे जातो त्यालाच माहीत असतं. त्याला बोलतं करणं, एवढंच या सगळ्या व्यवस्थेचं काम. बाकीचा कागद.

त्यासाठीच ती वही होती. अपघात झाला तर त्याचं रजिस्टर सगळीकडे असतं. पण सल्लागार म्हणाले, की अपघात होता होता टळला तर तोही लिहायचा. पाय घसरला पण पडलो नाही, पट्ट्यात बाही अडकली पण निघाली, असं सगळं. म्हणजे पुढचा खरा अपघात आधीच दिसतो. मी एक जाड दोनशेपानी वही आणली आणि मुखपृष्ठावर लिहिलं, 'बाल-बाल बचे', म्हणजे थोडक्यात बचावलो. पेनला दोरी बांधली. जेवणाच्या शेडमध्ये ठेवली.

दोन आठवडे वही कोरी. इतकी कोरी, की त्यावर कुणीतरी मिरचीच्या भज्याचं तेल सांडलं तेवढीच नोंद. मी विचारलं तर सगळे माना खाली घालत. शेवटी पॅकिंगमधली सुगनबाई म्हणाली, "लिखी दांगा भाभीजी, पण सेठ पूछेगा नी, कि गलती किकी थी?"

प्रश्न बरोबर होता. चूक कुणाची, हे सेठ, म्हणजे आमचे भावजी, विचारणारच. उत्तर म्हणून मी जे केलं, ते फक्त आमच्यासारख्या घरातली बाईच करू शकते.

इकडचे बाकीचे कारखानदार यंत्रांची पूजा विश्वकर्मा जयंतीला, नाहीतर दिवाळीला करतात. आमच्या घरी खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घराण्याची तलवार निघते. एरवी ती कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून, इस्त्रीच्या टेबलाशेजारी आडवी पडलेली असते, पण त्या दिवशी तिचा थाट. तिच्याबरोबर विळी, कात्री, नवऱ्याचं पेन, मुलीचा लॅपटॉप, सगळ्यांना झेंडू. मी भावजींना म्हटलं, "यंदा तलवार कारखान्यात न्यायची. आणि तिच्याशेजारी ही वही ठेवायची. सगळ्यांसमोर तुम्ही शब्द द्यायचा."

भावजींना कल्पना आवडली. त्यांना समारंभ आवडतात.

खंडेनवमीला सकाळी सोयाबीनच्या पोत्यांपुढे चौरंग मांडला. तलवार, पान्हे, हातोडे, आणि मध्ये वही. भावजींनी वहीवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि वहीवर पालथा हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "इस किताब में जो सच लिखेगा, उसका बाल भी बांका नहीं होगा. भाभी की ज़बान, मेरी ज़बान." टाळ्या पडल्या. मी डोळे पुसले. पूजलेली वस्तू आपल्याला दगा देणार नाही, असं मला मनापासून वाटलं. एम.एस्सी. झालेल्या बाईला!

त्या दिवसापासून वही बोलायला लागली. 'सीढ़ी का तीसरा डंडा हिलता है, कल उसके साथ मैं भी हिला.' 'फरस पर तेल था, फिसला, गिरा नहीं, बजरंगबली की किरपा.' 'पंखे की जाली नहीं है, चोटी जाते-जाते बची – सुगनबाई, अंगूठा.' लिहिता न येणाऱ्यांचं दुसरे लिहून द्यायचे. मी रोज संध्याकाळी ते वाचायची, दुसऱ्या दिवशी डंडा बदलायची, जाळी बसवायची. एखाद्या वर्गात पोरं अचानक हात वर करू लागावीत, तसं झालं होतं. घरी जेवताना मी त्या नोंदी वाचून दाखवायची. मुलगी म्हणायची, "आई, तू किती खूश आहेस गं." होतेच. माझ्या आयुष्यात मी इतकी उपयोगी कधीच नव्हते.

आणि मग तपासणीच्या चार दिवस आधी नानूरामची नोंद आली. वळणदार, सावकाश काढलेलं अक्षर: 'आज दोपहर मेरी आंख लग गई। जागा तो बायलर का पानी निसान से नीचे था। आग खींच ली। थोड़ा और होता तो फटता। कल से दो पाली एक साथ कर रहा हूं, दूसरा आदमी सोयाबीन काटने गांव गया है।'

मी ती नोंद उभ्यानंच तीनदा वाचली.  बॉयलरच्या भिंतीपलीकडे पॅकिंगच्या अकरा बायका बसतात. त्या दिवशी, त्या दुपारी, मीही तिथेच होते, वड्या मोजत.

मी धावत बॉयलरखोलीत गेले. "नानूराम, दोन पाळ्या? कुणी सांगितलं?"

"सेठ बोले, कटाई का टेम है, चला ले." मग जरा थांबून म्हणाला, "लिखूं कि नी लिखूं, दो घंटे सोचा. फिर लगा, तुमने बोला है तो लिख दूं."

त्याच संध्याकाळी भावजींना सांगून मी दुसरा माणूस बोलावून घेतला. भावजींनीही लगेच बोलावला, हे खरं आहे. मला वाटलं, बघा, व्यवस्था चालते! इतकी वर्षं फळ्यावर समीकरणं लिहिली, आज एक समीकरण डोळ्यांसमोर सुटलं.

इथे मी गोष्ट सांगताना आवाज खाली आणते आणि मग तपासणीच्या गमती सुरू करते. कारखाना कसा लग्नघरासारखा सजला, सुरक्षा-हेल्मेट घातलेल्या चौकीदारानं भटक्या कुत्र्याला कसं पळवलं, मी घाबरून तपासनीस साहेबांना 'या, बसा' ऐवजी 'सावधान' कशी म्हणाले. सगळं खरं आहे. पण आदल्या दिवशीची एक गोष्ट मी त्यात घेत नाही. आदल्या दिवशी दुपारी भावजींनी कोऱ्या छापील पत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. चूक सापडली की कारण काय आणि उपाय काय, हे लिहायचं ते पत्रक. खाली माझ्या सहीची जागा. "वहिनी, नुसत्या सह्या करून ठेवा. उद्या धावपळीत तुम्हाला शोधत कुठे बसू? मजकूर मी भरून घेतो." मी चहा पीत पीत चाळीसेक सह्या केल्या. सह्या करताना शेजारच्या टेबलावरच्या कारकून मुलीला मी सांगत होते, की कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा आपल्या व्यवस्थेचा पहिला नियम.

तपासनीस साहेब दोन दिवस होते. पहिल्या दिवशी मी त्यांना 'बाल-बाल बचे' दाखवली. दाखवली म्हणजे काय, मीच ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. आई जशी पाहुण्यांपुढे मुलाला 'ती कविता म्हणून दाखव' म्हणते, अगदी तशी. त्यांनी चष्मा काढून वाचलं. "इतनी ईमानदार एंट्री मैंने कम देखी है," ते म्हणाले. मी फुगले. मग त्यांनी विचारलं, "इस पर कार्रवाई क्या हुई? काग़ज़ कल दिखाइए." मी म्हटलं, ज़रूर.

दुसऱ्या दिवशी दुपारी समारोपाची बैठक. प्रत्येक विभागाचा एक माणूस बोलावला होता. बॉयलरकडून नानूराम. धुतलेला शर्ट घालून, भिंतीला टेकून उभा. काल साहेबांनी त्याच्या नोंदीचं कौतुक केल्याचं मीच त्याला सांगितलं होतं. साहेबांनी एकेक कागद उलटला आणि एक पत्रक हातात धरून वाचलं, "कारण: कर्मचारी की लापरवाही. कार्रवाई: कर्मचारी कार्य से पृथक." मग माझ्याकडे बघितलं. "मैडम, यह आपका निष्कर्ष है?"

पत्रक त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. भावजींचं घाईचं, उजवीकडे कललेलं अक्षर. खाली माझी सही. टपोरी, पूर्ण नावानिशी, शिक्षिकेची.

नानूरामला कामावरून काढल्याचं होतं, दोन पाळ्यांचा त्यात एक शब्द नव्हता.

भावजी समोरच बसले होते, पेनाचं टोपण काढत-घालत. त्यांनी वर बघितलं नाही. खोलीत पोह्यांचा वास आला होता, कुणीतरी बश्या आणून ठेवत होतं. माझ्या मनात इतकंच आलं, की आत्ता बोलले तर सर्टिफिकेटं जातील, भावजींचा सौदा जाईल, घरात महाभारत होईल. आत्ता नको, बैठक संपली की भावजींशी बोलू, पत्रक बदलून घेऊ. आणि मी म्हटलं,

"सही मेरी है."

साहेबांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग कागद उलटला. पंधरा मिनिटांनी तिन्ही सर्टिफिकेटांची शिफारस झाली, टाळ्या वाजल्या. आमच्या घरातली गोष्ट या टाळ्यांवर संपते. भिंतीपाशी बघितलं तर नानूराम गेला होता.

मी भावजींना गाठलं ते बैठकीनंतर, अंगणात. "भावजी, हे काय केलंत?"

"वहिनी, हळू बोला. साहेबांना काहीतरी कारवाई दाखवायलाच हवी होती. दोन पाळ्या लिहिल्या असत्या तर सगळं आपल्यावर आलं असतं. परवानाच गेला असता."

"तुम्ही हात ठेवून शब्द दिला होता. तलवारीसमोर."

"तलवारीसमोर," भावजी म्हणाले. "तलवारीवर नाही. वहीवर ठेवला होता." आणि हसले. ते थट्टेनं म्हणत होते, मला हलकं वाटावं म्हणून. मग म्हणाले, "त्याला दुसरीकडे लावून देऊ, काळजी करू नका. तुम्ही घरचं माणूस आहात, तुम्हाला कळायला हवं."

काय कळायला हवं ते मला कळलं. घरचं माणूस म्हणजे ज्याची सही आधी घेऊन ठेवता येते.

कुणी दुसरीकडे लावून दिलं नाही. नियमानुसार कारवाईची प्रत सूचनाफलकावर लागली. तो फलकही मीच आग्रहानं बसवून घेतला होता. नानूराम डबा न्यायला आला तेव्हा त्यानं ती उभ्यानं वाचली, असं सुगनबाईनं सांगितलं. त्या दिवसानंतर वहीत एकही नोंद झाली नाही. मी दिवाळीनंतर कारखान्यात जायचं सोडलं. कारण सांगितलं, गुडघे दुखतात. भावजींकडे अजूनही जेवायला जाते, भाऊबीज-पाडवा होतो, जाऊबाईंच्या हातची पुरणपोळी आवडते म्हणते. नात्यातल्या फसवणुकीला कचेरीसारखा राजीनामा नसतो. तिच्याबरोबर पंगतीला बसावं लागतं, आग्रह झाला तर आणखी अर्धी पोळी घ्यावी लागते. इतकी वर्षं मी मनात भावजींना दोष देत आले, आणि तो त्यांचा आहेच. पण दोष देताना एक सोय होती. भावजींकडे बघत राहिलं, की त्या खुर्चीत बसलेल्या बाईकडे बघावं लागत नाही.

तर परवा तो वास आला. दुसऱ्या दिवशी मी माहेरी धारला निघाले, भावाकडे. मंडईत सुगनबाई भेटली तेव्हा तिनं सांगितलं होतं, की नानूराम हल्ली बदनावरला एका धान्याच्या गोदामात असतो. मी नवऱ्याला म्हटलं, यंदा बदनावरवरून जाईन. तो म्हणाला, "धारला? बदनावरवरून? नकाशा उलटा धरलास का?" मग माझा चेहरा बघून उज्जैनपर्यंत सोडायला आला.

वाटेवर दोन्ही बाजूंना कापून झालेली शेतं, काळी, भेगाळलेली, मधूनच पेंढ्यांचे ढीग. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. नानूराम, तो कागद मी लिहिला नव्हता. नानूराम, माझी सही आधीच घेतली होती. चांगलं हिंदी वाक्य जमेना, आणि मराठीत म्हणून बघितलं तर तेही फार नीटनेटकं वाटायला लागलं.

गोदाम मंडीच्या मागे. दाराशी ट्रॉली लागलेली, आत सोयाबीनच्या बोऱ्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्प्या छपरापर्यंत. नानूराम वजनकाट्यापाशी बसला होता. केस पांढरे झालेत. मला बघून उठला. "भाभीजी? यां?" त्यानं एक बोरी झटकून मला बसायला दिली आणि चहा मागवला. मुलांचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. गुडघ्यांचं त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

मी जुळवलेली वाक्यं टाकून दिली आणि म्हटलं, "नानूराम, वो काग़ज़ मैंने नहीं भरा था."

"हव," तो म्हणाला. "मालम है."

"मालूम है?"

"तुम्हारे अक्छर नी पिछानूं कंईं? इत्ती पाटी लिखी तुमने. वो तो सेठ का हाथ था."

इतकी वर्षं जे सांगायला मी घाबरत होते, ते त्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं. माझ्या अंगावरून एक मोठं ओझं उतरू लागलं. पण ते खाली टेकायच्या आधीच तो म्हणाला, अगदी साधेपणानं, हातातला ग्लास फिरवत, "पण कागज की बात नी थी, भाभीजी. तुम वां बैठी थी."

बसले होते. त्या बैठकीत, त्याच्यासमोर.  चहा आला. आम्ही दोघंही बाहेरच्या ट्रॉलीकडे बघत बसलो.

तेवढ्यात आतून धप्पकन आवाज झाला. उंच थप्पीच्या वरची बोरी घसरून खाली आली होती. तिथे एक हमाल वाकलेला होता. बोरी त्याच्या खांद्याला घासून जमिनीवर फुटली आणि सोयाबीन सगळीकडे पळालं. नानूराम केव्हाच उठून त्याला बाजूला ओढत होता. माणूस खाली बसला, खांदा चोळत, चेहरा पांढरा. हातभर इकडे पडली असती तर मान गेली असती. वर उरलेली थप्पी एका बाजूला कलली होती. लावणाऱ्यानं घाईत थप्पीला धरून ठेवणाऱ्या आडव्या बोऱ्या घातल्याच नव्हत्या. मला ते दिसलं. नानूरामलाही दिसलं. आम्हा दोघांनाही असं बघायची सवय होती.

आतल्या कचेरीतून गोदामाचे शेठ ओरडले, "क्या गिरा रे?"

"कंईं नी सेठ," नानूराम म्हणाला. "बोरी उतारी."

शेठ दारात आले. सांडलेल्या सोयाबीनकडे, खाली बसलेल्या हमालाकडे पाहिलं. "उतारी कि गिरी? थप्पी किसने लगाई थी?"  हमालानं नानूरामकडे बघितलं, मग जमिनीकडे. शेठची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. परकी बाई, साडी नीट, चष्मा, हातात चहाचा ग्लास. "मैडम, आपने तो देखा होगा. उतारी कि गिरी?"

"उतारी," मी म्हटलं. जराही न थांबता. "मेरे सामने उतारी, सेठजी."

शेठ आत गेले. हमाल उठून सोयाबीन गोळा करायला लागला. नानूराम माझ्याशेजारी येऊन बसला आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग आम्ही दोघं, त्या कललेल्या थप्पीकडे न बघता, उरलेला चहा प्यायलो.